चर्चिलला जाणारी मालगाडी : हडसन बे रेल्वेबद्दल (मोठा धागा आहे)

उत्तरायण | शनिवार, सकाळी १०:४२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज विनिपेगात सकाळपासून बर्फ पडतोय, कुठे बाहेर जायचं नाहीये, म्हणून बसलेच.

विषय आहे हडसन बे रेल्वे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात वरच्या अंगाला द पॉ नावाचं गाव आहे (लिहिताना पास लिहितात, म्हणताना पॉ म्हणतात), तिथून ही लाइन निघते आणि दलदल, जंगल, मग खुरटी झाडं, मग झाडंच नाहीत असं करत करत ५१० मैलांवर, म्हणजे साधारण ८२० किलोमीटरवर हडसनच्या उपसागराला चर्चिल बंदरात जाऊन थांबते. चर्चिलला बाहेरून रस्ता जात नाही. विमान, उन्हाळ्यात जहाज, नाहीतर ही गाडी. गाव हजारच्या आतलं. त्यांचं दूध, पीठ, डिझेल, घर गरम ठेवायचा गॅस, शाळेचे बाक, सगळं या एका रुळावरून येतं.

माझे बाबा मिरजेला रेल्वेत पी-वे मध्ये होते, म्हणजे रूळ, स्लीपर (रुळाखालचे आडवे ओंडके), खडी, मोऱ्या, भराव हे त्यांचं काम. लहानपणी पावसाळ्यात रात्री फोन वाजला की आई आधी त्यांची बॅटरी शोधायची. त्यामुळे मी कुठल्याही गाडीत बसले की माझं लक्ष खाली रुळाकडे जातं. आणि या लाइनीइतकी अवघड जमीन मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही, म्हणून हा धागा.

आधी शॉर्टलाइन म्हणजे काय ते सांगते कारण पुढे लागेल. कॅनडात दोन मोठ्या रेल्वे, सीएन (कॅनेडियन नॅशनल) आणि सीपी (कॅनेडियन पॅसिफिक, २०२३ पासून सीपीकेसी). सीएन सरकारी होती, १९९५ मध्ये तिचे शेअर विकून खाजगी झाली, १९९६ मध्ये वाहतुकीचा नवा कायदा आला आणि ज्या फाट्यांवर माल कमी ते विकून टाकणं किंवा बंद करणं सोपं झालं. असे फाटे छोट्या कंपन्यांनी घेतले, त्या या शॉर्टलाइन. यांचं काम म्हणजे आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाकडून वाघिणी (मालाचे डबे) गोळा करायच्या आणि जंक्शनला मोठ्या रेल्वेच्या ताब्यात द्यायच्या, तिकडून आलेल्या घेऊन आपल्या भागात वाटायच्या. माणसं कमी, इंजिनं बहुतेक जुनी, एकच माणूस चार कामं करतो. शॉर्ट म्हणजे लांबीला लहान असं काही नाही बरं का, आपली कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर आहे, ही तिच्याहून लांब तरी शॉर्टलाइनच. हिचं जंक्शन द पॉ, तिथे सीएनला गाठ पडते.

इतिहास मला फार आवडतो या लाइनीचा. मॅनिटोबा-सास्कॅचेवनच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार अशी की आमचा गहू युरोपला जायचा तर आधी पूर्वेकडे हजारो किलोमीटर रेल्वेने न्यायचा, त्यात भाडं खाऊन जातं. नकाशा बघा, हडसनचा उपसागर गव्हाच्या शेतांच्या डोक्यावरच आहे आणि चर्चिलहून लिव्हरपूल हे मॉन्ट्रियलहून लिव्हरपूल इतकंच जवळजवळ पडतं. मग आपल्या समुद्राला आपली गाडी का नको? १८८६ मध्ये ह्यू सदरलंड नावाच्या माणसाने विनिपेगहून ४० मैल रूळ टाकले पण, आणि तिथेच पैसे संपले. मग वीसेक वर्षांनी केंद्र सरकारने मनावर घेतलं, द पॉ ला सास्कॅचेवन नदीवर पूल झाला आणि तिथून पुढे काम सुरू झालं. तेव्हा शेवटचं स्टेशन चर्चिल नव्हतंच, पोर्ट नेल्सन ठरलं होतं, नेल्सन नदीच्या मुखाशी. तिथे १९१३ पासून बंदराचं काम काढलं, मुख गाळाने उथळ म्हणून चक्क पाण्यात कृत्रिम बेट केलं आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत १७ गाळ्यांचा लोखंडी पूल बांधला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध, माणसं नाहीत, लोखंड नाही, काम बंद. तोवर रूळ ३३२ व्या मैलावर केटल रॅपिड्सपर्यंत पोचले होते. पोर्ट नेल्सनचा तो पूल अजून तसाच उभा आहे, मुख्य लाइन तिथवर कधी पोचलीच नाही.

दहा वर्षांनी शेतकऱ्यांनी पुन्हा रेटा लावला तेव्हा सरकारने फ्रेडरिक पामर या ब्रिटिश इंजिनियरला बंदर बघायला बोलावलं. (हे पामर त्याआधी कलकत्ता बंदराचे मुख्य इंजिनियर होते, हुगळीचा गाळ बघितलेला माणूस, त्यांना नदीच्या मुखाचं दुखणं वेगळं सांगायला नको होतं.) त्यांनी १९२७ मध्ये सांगितलं की नेल्सन सोडा, चर्चिलला जा, तिथे खडकाचं नैसर्गिक बंदर आहे. मग लाइन उत्तरेला वळवली. आणि शेवटचा तुकडा कसा टाकला माहितीये? १९२८-२९ च्या हिवाळ्यात, जमीन दगडासारखी गोठलेली असताना, नुसत्या बर्फाळ दलदलीवर स्लीपर आणि रूळ मांडत गेले, उन्हाळ्यात जमीन मऊ व्हायच्या आत पोचायचं, खडी-भराव नंतर. २९ मार्च १९२९ ला रूळ चर्चिलला पोचले. १९३१ च्या सप्टेंबरात फार्नवर्थ आणि वर्कवर्थ ही दोन जहाजं गहू भरून निघाली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर आम्ही गेलो होतो, विनिपेग ते चर्चिल साधारण १७०० किलोमीटर, दोन रात्री. प्रवासी गाडी व्हिया रेल या सरकारी कंपनीची असते पण द पॉ पासून पुढे रूळ हडसन बे चे. वाटेतलं थॉम्पसन शहर सोडल्यावर अंधार पडला आणि पिक्विटोनेई या छोट्या गावाला गाडी थांबली. फलाट नाही, चार दिवे दिसत होते. आमच्या डब्यातल्या एक क्री (इथल्या मूळ रहिवासी) आजी उतरायच्या होत्या, थॉम्पसनला बाजार करून परत चाललेल्या. मागच्या डब्यातून त्यांचं सामान निघायला लागलं, पिठाची पोती, डायपरचे खोके, अंड्यांचे ट्रे, एक मायक्रोवेव्ह, आणि गाडीचे लोक आणि खालचे गावकरी यांनी रांग करून हातोहात सगळं उतरवलं. एक मुलगा क्वाडबाइकला छोटी गाडी जोडून हेडलाइट रुळावर धरून उभा होता. आजींनी शेवटी अंड्यांचे ट्रे स्वतः हातात घेतले. दहा मिनिटं लागली असतील, कोणी घाई केली नाही. या गावालाही बारमाही रस्ता नाही.

पुढे एका सायडिंगला (बाजूच्या रुळावर) आम्ही मालगाडीसाठी थांबलो. ती समोरून हळूहळू गेली, गॅसच्या टाक्या, डिझेलच्या टाक्या, कंटेनर, आणि एका सपाट वाघिणीवर साखळ्यांनी बांधलेली पिवळी शाळेची बस, तिच्या टपावर वीतभर बर्फ. दक्षिणेला दुरुस्तीला चालली असणार. मी हात केला, इंजिनातून कोणीतरी हात केला.

गिलम या गावापासून चर्चिलपर्यंत साधारण ३०० किलोमीटरला अख्खी रात्र गेली. का ते कोणी विचारलं तर सांगते, हात दुखायला लागला.

निळीशाई | शनिवार, सकाळी ११:२०

अंड्यांचे ट्रे डोळ्यासमोर आले अगदी. वाचतेय, पुढचं लिही गं.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२:०५

मिरजेचं माणूस भेटलं म्हणून आनंद झाला ताई. दोन प्रश्न. एक, एवढ्या लांब एकेरी लाइनीवर सिग्नल वगैरे काय आहेत, की आपल्याकडे पूर्वी ड्रायव्हरच्या हातात लाइन मोकळी असल्याचं टोकन द्यायचे तसं? दुसरा, गव्हासाठीच काढलेली लाइन आणि तुम्ही मालात गहू सांगितलाच नाही, तो कुठे गेला?

उत्तरायण | शनिवार, दुपारी १:३०

@कृष्णाकाठ, दोन्ही प्रश्न बरोब्बर विचारलेत.

सिग्नल नाहीत. टोकनही नाही. कंट्रोलर रेडिओवरून सांगतो की अमुक मैलापासून तमुक मैलापर्यंत लाइन तुमची, ड्रायव्हर-कंडक्टर ते लिहून घेतात, परत वाचून दाखवतात, मग निघायचं. त्या हद्दीत दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत. रूळ तपासणारे पिकअप ट्रकला खाली रेल्वेची चाकं सोडून रुळावरूनच फिरतात, त्यांनाही तशीच परवानगी घ्यावी लागते. कुठे रूळ तुटला, भराव वाहून गेला तर लाल दिवा लागणार नाही. माणसाच्या डोळ्याला दिसलं तरच कळणार. हे लक्षात ठेवा, खाली लागेल.

गव्हाचं असं. मी धान्याच्या धंद्यातच हिशेब बघते त्यामुळे हे रोजचं आहे. कॅनडात गव्हाची निर्यात अनेक दशकं व्हीट बोर्डाच्या हातात होती, शेतकऱ्याने बोर्डाला द्यायचा आणि बोर्डाने विकायचा. बोर्ड दरवर्षी काही माल चर्चिलला पाठवायचंच. बंदर जुलैअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम तीन-साडेतीन महिने चालतं, पण तेवढ्यात एक हंगाम व्हायचा. चर्चिलच्या कोठारात १,४०,००० टन धान्य मावतं. २०१२ च्या ऑगस्टात बोर्डाची मक्तेदारी गेली आणि गहू खाजगी कंपन्यांच्या हातात आला. आता या कंपन्यांची स्वतःची कोठारं व्हँकुव्हर आणि थंडर बे या बंदरांत. स्वतःचं कोठार रिकामं ठेवून कोण चर्चिलला माल देईल? सरकारने पाच वर्षं वर्षाला ५० लाख डॉलर अनुदान ठेवलं होतं, पण त्यावर किती दिवस निभणार.

लाइनही साथ देत नव्हती. बाकी कॅनडात मोठ्या हॉपर वाघिणी (वरून भरायच्या, खालून रिकाम्या करायच्या) आल्या तरी इकडे बरीच वर्षं जुन्या बंद डब्यांतूनच गहू जायचा कारण भरलेल्या हॉपरचं वजन या जमिनीला झेपत नव्हतं.

भूजल | शनिवार, दुपारी ३:१५

मी भूगर्भवाला आहे, जमिनीचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. उत्तरायण ताईंनी हात दुखतो म्हटलंय तर तेवढा भाग मी लिहितो.

तिकडे जमीन दोन प्रकारची मिसळलेली असते. काही ठिकाणी कुजलेल्या शेवाळाचा जाड थर असतो, पीट, आणि त्याच्याखाली माती वर्षानुवर्षं गोठलेलीच राहते. तो थर म्हणजे गोधडी समजा, उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. त्याला लागूनच ओली दलदल असते, तिथे खाली गोठलेलं नसतं. आता यावर तुम्ही भराव टाकून रूळ नेलात की गोधडी दाबली जाते, खडी ऊन शोषते, बाजूला पाणी साचतं, ते पाणीही ऊब देतं. खालचं बर्फ वितळायला लागतं. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे गोठलेल्या तुकड्याचा काठ. अलीकडे जमीन टणक, पलीकडे मऊ, आणि काठ दरवर्षी थोडा थोडा वितळत मागे सरकतो. तिथे रूळ खचतो. खचला की दुरुस्तीची गँग येऊन खडी टाकते, खडीचं वजन वाढलं की आणखी खचतं. म्हणजे खड्डा भरायचा उपायच खड्डा वाढवतो, वर्षानुवर्षं तिथे खडी ओतत राहायची.

यावर एक सुंदर प्रयोग याच लाइनीवर झाला होता. भरावाच्या कडेला बंद नळ्या पुरायच्या, आत सहज वाफ होणारा द्रव. हिवाळ्यात वरची हवा थंड असते तेव्हा खालच्या उबेने द्रवाची वाफ होते, वर जाते, थंड होऊन परत खाली उतरते, म्हणजे जमिनीतली ऊब हिवाळाभर बाहेर फेकली जाते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम असलं की हे चक्र आपोआप थांबतं. वीज नको, पंप नको. पण ८०० किलोमीटरला कुठे कुठे नळ्या लावणार.

ताई, तुम्हाला तारेचे खांब दिसले का तिपाईसारखे?

उत्तरायण | शनिवार, दुपारी ३:४०

@भूजल, किती छान समजावलंत, बाबांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले घाटात सुद्धा कच्चा भराव आणि पक्का खडक जिथे भेटतात तिथेच आमचा सगळा जन्म गेला.

हो, दिसले ना. एक खांब जमिनीत पुरला की दर हिवाळ्याला जमीन फुगते आणि तो वर ढकलला जातो, काही वर्षांत आडवाच. म्हणून तीन खांब डोक्याशी एकत्र बांधून नुसते जमिनीवर टेकवून ठेवलेत, मैलोनमैल. तारा आता कामाच्या नाहीत, कितीतरी तिपाया कलल्या आहेत. गाडी इतकी सावकाश जात होती की मोजता आल्या असत्या.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, रात्री ८:५०

आमची शकुंतला आठवली राजेहो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, नॅरोगेजची गाडी, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीवाल्यांनी वऱ्हाडचा कापूस न्यायला काढलेली, म्हणजे हिशेब तोच, शेतमाल बंदराला पोचवायचा. १९९४ पर्यंत मँचेस्टरचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन ओढत होतं. अख्ख्या देशाच्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही लाइन कंपनीच्या मालकीचीच राहिली, सरकारने नुसती चालवायची. मालक एक, चालवणारा दुसरा, मग रूळ कोणी नीट करायचे? वेग कमी होत होत गेला आणि आता दोन्हीकडून बंद. गावातले लोक आजही शकुंतला सुरू करा म्हणून निवेदनं देतात. मला या कॅनडावाल्या लाइनीचा मालक कोण ते जाणून घ्यायचंय, कारण आमचं सगळं तिथेच अडलं.

हिशेबी | शनिवार, रात्री ९:३०

लेख छान आहे पण एक विचारतो, राग मानू नका. हजारच्या आतलं गाव, गहू गेला, जमीन खचते, दरवर्षी खडी ओता. एवढ्या पैशात त्या लोकांना विमानाने सामान पोचवणं स्वस्त नाही का पडणार? भावना ठीक आहे पण करदात्याने किती वर्षं हे ओढायचं?

उत्तरायण | रविवार, सकाळी ९:१५

@वऱ्हाडी_ठेचा, @हिशेबी, दोघांनाही एकत्रच उत्तर देते कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर २०१७ मध्ये आहे.

मालक असे होत गेले. आधी सरकार, म्हणजे सीएन. १९९७ मध्ये सीएनने उत्तर मॅनिटोबातल्या या लाइनी विकल्या, घेतल्या ऑम्नीट्रॅक्स या अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या कंपनीने, आणि चर्चिलचं बंदर पण त्यांनीच घेतलं. व्हीट बोर्ड गेल्यावर त्यांनी दुसरा माल शोधला, २०१३ मध्ये कच्चं तेल न्यायचा विचार मांडला, पण त्याच जुलैत क्विबेकमध्ये लॅक-मेगँटिकला तेलाची गाडी पेटून ४७ माणसं गेली आणि इथल्या लोकांनी या दलदलीवरून तेल नको म्हणून ठाम सांगितलं, ते बारगळलं. २०१६ च्या जुलैत कंपनीने बंदराच्या कामगारांना सांगितलं की या वर्षी हंगाम नाही, घरी जा. मालगाडी आठवड्यातून दोनदाची एकदा झाली.

मग २०१७. मार्चमध्ये मोठी हिमवादळं, मे मध्ये ते सगळं बर्फ एकदम वितळलं, आणि २३ मे ला लाइन बंद झाली. वीसेक ठिकाणी भराव वाहून गेला होता, रूळ आणि स्लीपर शिडीसारखे हवेत लोंबत होते, ते फोटो मी ऑफिसात बघितले आणि रडूच आलं. दुरुस्तीचा अंदाज २ कोटी ते ६ कोटी डॉलरपर्यंत गेला. कंपनी म्हणाली आम्हाला परवडत नाही, सरकारने द्यावेत. सरकार म्हणालं तुम्ही करारात बांधील आहात, दुरुस्त करा, आणि कोर्टात गेलं. हे भांडण महिनोन्महिने चाललं आणि तेवढे दिवस चर्चिलला एक डबाही गेला नाही.

@हिशेबी, तुम्ही म्हणता ते विमानाचं तेव्हा प्रत्यक्षात करून झालं. भाजी, दूध, सगळं विमानाने. किमती कुठल्या कुठे गेल्या, सरकारने अनुदान देऊनही. गॅस विमानाने नेता येत नाही एवढा, तो हिवाळ्याआधी जहाजाने नेऊन साठवावा लागला. हिवाळ्यात गिलमहून बर्फावरून ट्रॅक्टरला स्लेज जोडून सामान ओढत नेलं, आजोबांच्या काळातल्यासारखं. बांधकाम थांबलं, पर्यटक येईनात, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, काही कुटुंबं गाव सोडून गेली. आणि फक्त चर्चिल नाही हो, त्याच्या वर उत्तरेला, त्याच किनाऱ्यावर नुनावुत प्रदेशातली गावं आहेत, अर्वियाट, रँकिन इनलेट, त्यांचाही कितीतरी माल या गाडीने चर्चिलला येऊन पुढे बोटीने जायचा.

शेवटी ३१ ऑगस्ट २०१८ ला विक्री झाली. घेणारे तीन प्रकारचे, फेअरफॅक्स ही गुंतवणूक कंपनी, सास्कॅचेवनची एजीटी ही डाळींची कंपनी (तुमच्या घरात कॅनडाची मसूर येते ती याच भागातली), आणि इथली स्थानिक गावं आणि फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ रहिवासी, एकत्र येऊन. नाव ठेवलं आर्क्टिक गेटवे. केंद्राने ११ कोटी ७० लाख डॉलर दिले, त्यातले ७ कोटी ४० लाख खरेदी आणि दुरुस्तीला, बाकीचे १० वर्षं चालवायला. आणि मग रात्रंदिवस काम करून दोन महिन्यांत, ३१ ऑक्टोबरला, हिवाळा पूर्ण बसायच्या आत पहिली गाडी चर्चिलला पोचली. सव्वा वर्ष "कोणी करायचं" यात गेलं आणि प्रत्यक्ष काम दोन महिन्यांत झालं. वऱ्हाडी दादा, तुमचं वाक्य खरंय, तिथेच अडतं.

२०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपला वाटा गावांना देऊन टाकला. आता ही रेल्वे आणि बंदर दोन्ही ४१ गावं आणि फर्स्ट नेशन्स यांच्या मालकीचं आहे. पिक्विटोनेईच्या त्या आजी ज्या रुळावर उतरल्या तो तिथल्या लोकांचा आहे. माझ्या मते हे १९९७ लाच व्हायला हवं होतं.

साखरगाठी | रविवार, सकाळी ११:००

मी थॉम्पसनला दोन वर्षं होते, नर्सिंगमध्ये. उत्तरायणने वर सिग्नलचं "लक्षात ठेवा" म्हटलंय ते बहुतेक याच लाइनीवरच्या पाँटनच्या अपघातासाठी असणार. नवे मालक येऊन दोनच आठवडे झाले होते. १५ सप्टेंबर २०१८, शनिवार. पाँटनजवळ वरच्या अंगाला बीव्हरने (पाण्यात काटक्यांचे बांध घालणारा प्राणी) बांधलेला बांध फुटला, पाण्याचा लोंढा आला आणि रुळाखालचा भराव मोरीसकट घेऊन गेला. वरून रूळ जागेवरच दिसत होते. मालगाडी आली आणि इंजिनं खाली गेली, मागे गॅसच्या टाक्या. कोणाला पत्ताच नाही, वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला दिसलं तेव्हा कळलं. आत दोघे अडकलेले, त्यातला एक वाचला, फार जखमी, दुसरा तिथेच गेला. तिथे पोचायला रस्ता नाही, गॅसची भीती, बाहेर काढायला कितीतरी तास लागले. गावात त्या आठवड्यात लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे. थॉम्पसनमध्ये रेल्वेत कोणीतरी नात्यातलं असतंच.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११:४०

वाचून सुन्न झालो. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रात्री कंदील-बॅटरी घेऊन चालणारे पेट्रोलमन असतात ना, ते आठवले. तिकडे ८०० किलोमीटर कोण चालणार, पण बीव्हरच्या बांधावर नजर ठेवायची काही पद्धत?

उत्तरायण | रविवार, दुपारी १२:३०

@साखरगाठी, त्याबद्दल मला लिहवत नव्हतं, तू लिहिलंस ते बरं झालं.

@कृष्णाकाठ, बीव्हर हा इथल्या प्रत्येक रेल्वेचा कायमचा विषय आहे. हा प्राणी वाहत्या पाण्याचा आवाज आला की तिथे काटक्या-चिखल घालून ते अडवतो, आणि मोरीत पाणी आवाज करतच जातं, त्यामुळे त्याला मोरी म्हणजे आयतीच जागा. गँगमन मोऱ्या मोकळ्या करतात, दुसऱ्या दिवशी परत बंद. पण रुळाला लागून असलेला बांध दिसतो तरी. पाँटनला बांध वरच्या बाजूला होता, म्हणजे रुळावरून बघून कळणार नाही असा, म्हणून वरून हवेतून बघणं महत्त्वाचं. बाबा म्हणतात पाणी रुळाशी पोचल्यावर बघून उपयोग नाही, ते कुठून निघतंय ते माहीत पाहिजे.

हिशेबी | रविवार, दुपारी २:१०

आकडे दिलेत त्याबद्दल आभार. विमानाचा मुद्दा मी मागे घेतो, गॅस आणि डिझेलचा विचार मी केला नव्हता. पण माल नसेल तर गावांच्या मालकीची असो की कंपनीच्या, खर्च तोच राहणार. तो कुठून भरून निघणार?

उत्तरायण | रविवार, दुपारी ३:००

@हिशेबी, हा प्रश्न खराच आहे आणि इथेही सगळे हाच विचारतात. सरकारचे पैसे अजून लागतायत, केंद्र आणि प्रांत दोन्ही सरकारं देतायत, स्लीपर बदलणं, खडी, पूल यावर ते जातायत. मालाचं म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टात स्नो लेकच्या खाणीतलं जस्ताचं खनिज या गाडीने चर्चिलला आलं आणि जहाजात भरून गेलं, वीस वर्षांहून जास्त काळात या बंदरातून गेलेलं हे पहिलं खनिज. खाण इथलीच, वाट जवळची. धान्यावर मात्र मी फार आशा ठेवत नाही, वर सांगितलेल्या कोठारांच्या कारणाने. माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइक कमी असलं तरी ही लाइन कोणाच्या नफ्यातोट्याच्या वहीत एक ओळ म्हणून ठेवायची गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या गावाचा रस्ता नफ्यात आहे का असं कोणी विचारत नाही ना.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, संध्याकाळी ६:२०

४१ गावांची रेल्वे. हे आमच्या मूर्तिजापूरच्या लोकांना वाचून दाखवतो.

निळीशाई | रविवार, रात्री ८:४५

एक शंका राहिली. लाइन अचानक बंद झाली तेव्हा चर्चिलला जी प्रवासी गाडी उभी असेल ती परत कशी आली?

उत्तरायण | रविवार, रात्री ९:२०

जहाजाने! खरंच. गाडी तिकडेच अडकली, इंजिनं आणि डबे, तशीच पाच महिने उभी. ऑक्टोबर २०१७ मध्ये, समुद्र गोठायच्या आधी, ती बंदरात नेऊन क्रेनने एकेक उचलून जहाजावर चढवली आणि हडसनच्या उपसागरातून दक्षिणेला आणली. गावातले लोक धक्क्यावर जमून बघत होते म्हणे. गाडी गेली म्हणजे ती परत येणार नाही असंच कित्येकांना वाटलं होतं.

४ डिसेंबर २०१८ ला सकाळी प्रवासी गाडी परत चर्चिलला आली.